भंगारात जाणारी सायकल शेतात चालेल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेल्या महिन्यात पाटी लागली : पंधरा दिवसांत आपापल्या सायकली उचला, नाहीतर भंगारात जातील. कोणीच उचलल्या नाहीत. अकरा सायकली टेम्पोत चढल्या. त्यांतल्या सात जुन्या काळ्या, लोखंडी, वीसेक किलो वजनाच्या. भंगारवाल्याने काट्यावर तोलून सायकलीमागे पाचशे रुपयेही दिले नाहीत. मी आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडचा शिल्पनिदेशक म्हणून तीस वर्षे काम केले आहे. त्या सांगाड्यांची एकही नळी सडलेली नव्हती, हे माझ्या डोळ्यांना दिसत होते. म्हणून हे पत्र.

जुन्या सायकलीचे काय करता येते, असे विचारले की लोक कुंड्यांचा स्टँड किंवा हॉटेलच्या भिंतीवर रंगवून टांगलेली फ्रेम दाखवतात. त्यात वावगे काही नाही. पिकासोने १९४२ साली सायकलची सीट आणि हँडल एवढ्याच दोन वस्तूंतून बैलाचे मुंडके उभे केले, ते आजही बघत राहावेसे वाटते. पण आपल्याकडे याच सायकलीने खऱ्या बैलाचे काम केलेले आहे, आणि त्याची ओळख शहरात फार थोड्यांना आहे.

जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीचे शेतकरी गोपाळ मल्हारी भिसे यांनी जुन्या सायकलीपासून कोळपे, म्हणजे पिकाच्या ओळींमधले तण काढायचे अवजार, तयार केले आणि त्याला ‘कृषिराजा’ नाव दिले. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्याची नोंद घेतली. आता गावोगावचे फॅब्रिकेशनवाले सायकल कोळपे बनवतात. विदर्भात त्यालाच सायकल डवरा म्हणतात. एक-दोन एकरवाल्याला बैलजोडी परवडत नाही आणि भाड्याची जोडी ऐन वाफशावर, म्हणजे जमिनीत कामाजोगी ओल असताना, मिळत नाही. सोयाबीनमध्ये पहिल्या तीस-चाळीस दिवसांत तण काढले नाही, तर पुढे काढून फारसा उपयोग नसतो. अशा वेळी उरते ती घरातल्या बायकांची खुरपणी, दिवसभर उकिडवे बसून.

सायकलची फ्रेम या कामाला जणू मापाने बेतलेली आहे. मागचे चाक आणि मागच्या नळ्या कापून टाकायच्या. पुढचा त्रिकोण, पुढचे चाक धरणारा चिमटा आणि ते चाक तसेच ठेवायचे. हँडल काढून सीटच्या नळीत मागच्या बाजूला तोंड करून बसवायचे. पायडलच्या एक्सलची नळी जमिनीपासून साधारण फूटभर उंच असते. तिथे पट्टीने पास, म्हणजे तण कापणारे आडवे पाते, अडकवायची. चाक वजन पेलते, माणसाने उभ्याने फक्त ढकलायचे. सोयाबीनच्या दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर असते, त्यात ते सहज जाते. कांद्यात मात्र चालणार नाही, तिथली जागा फारच कमी.

दोन गोष्टी करणाऱ्याने सांभाळाव्यात. चिमटा फिरता राहिला तर कोळपे ओळ सोडते आणि रोपे कापते. म्हणून तो आधी सरळ धरून कायमचा बांधून टाकावा. दुसरी वेल्डिंगची. जुन्या फ्रेमचे सांधे पितळी डाकाचे असतात. त्यावर आर्क, म्हणजे विजेचे वेल्डिंग, मारला की पितळ वितळून वेल्डमध्ये मिसळते आणि पुढे तडा जातो. सांध्यापासून दूर, कोऱ्या नळीवरच काम करावे. नळी पातळ, म्हणून ३.१५ मिलिमीटरचा रॉड नको, २.५ चा घ्यावा आणि करंट कमी ठेवावा. मी हे शेकडो पोरांना नळीला भोके पाडू देऊन शिकवले आहे. अॅल्युमिनियमच्या फ्रेमच्या मात्र नादी लागू नये, त्या गावच्या वेल्डरकडून जुळत नाहीत.

आता मागणी. राज्यातल्या आयटीआयमधून दरवर्षी वेल्डरची एक वर्षाची तुकडी बाहेर पडते. ही मुले वर्षभर लोखंडी पट्ट्या जोडतात. तपासणी झाली की त्या कोपऱ्यात पडतात. पातळ नळी जोडण्याचा सराव त्यांना फारसा मिळत नाही, आणि नोकरीत नेमके तेच काम पुढ्यात येते. दुसरीकडे महापालिका बेवारस सायकली उचलते, पोलीस ठाण्यांच्या आवारात सायकलींवर वेल चढलेले दिसतात, आणि शेवटी सगळे लिलावात वजनावर जाते. लिलावाआधी त्यांतल्या लोखंडी सायकली जवळच्या आयटीआयला द्याव्यात. मुलांनी कोळपी करावीत, ती कृषी विभागामार्फत अल्पभूधारकांना, आधी एकट्या बाईच्या नावावर शेती असलेल्या घरांना मिळावीत. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या. शिक्षण संपल्यावर त्यांतल्या कित्येक गावातच गोठ्याला टेकून गंजताहेत. त्यांना आडवी नळी नसते, त्यामुळे एक आधार जोडावा लागतो, एवढेच.

ग्वाटेमालात सान आन्द्रेस इत्सापा या गावी ‘माया पेडल’ नावाची संस्था टाकून दिलेल्या सायकलींपासून पाण्याचे पंप आणि मका सोलण्याची, दळण्याची यंत्रे करते. आपल्याकडे तर चाकूला धार लावणारा माणूस स्टँडवर उभ्या सायकलीचे पायडल मारीत दारोदार येतच होता. हात आपल्याकडे आहेत, लोखंडही आहे.

टेम्पो निघण्याआधी मी दोन फ्रेम मागून घेतल्या. एकीचे कोळपे सिन्नर तालुक्यात भाच्याकडे गेले. त्याच्या बायकोने पहिल्याच दिवशी फोन करून हँडल दोन इंच वर घ्यायला सांगितले, तिच्या उंचीला ते खाली पडत होते. दुसरी फ्रेम तशीच ठेवली आहे. मृगाच्या आत कोणत्याही आयटीआयने बोलावले, तर ती घेऊन येईन आणि मुलांसमोर कोळपे करून दाखवीन. मानधन नको, प्रवासखर्चही नको.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, नाशिक