पसायदानातले अनुस्वार कुणी खाल्ले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील ज्ञानेश्वरीच्या मोबाइल ॲपवरचा लेख वाचला. नोकरी सांभाळून, सुट्टीचे दिवस मोडून, एक पैसा न घेता मुले पोथी फोनवर आणतात आणि ॲपचा सगळा कोड गिटहब या संकेतस्थळावर कुणालाही पाहता-बदलता येईल असा उघडा ठेवतात, त्यांचे कौतुक आपण पुरवणीच्या पहिल्या पानावर केलेत. छानच. मात्र लेखाशेजारची निळी चौकट ज्यांनी सजवली त्यांना माझा कोपरापासून नमस्कार सांगावा. ‘आता विश्वात्मके देवे । येणे वाग्यज्ञे तोषावे । तोषोनि मज द्यावे । पसायदान हे ॥’ एकाच ओवीतले आठ अनुस्वार गायब! शेजारच्या समईचे चित्र मात्र अगदी ठसठशीत आले आहे.

हे अनुस्वार कुठे गेले ते मला ठाऊक आहे, म्हणून हा पत्रप्रपंच. या ॲपच्या मुद्रितशोधनात मीही आहे. माझी हयात छापखान्यात प्रुफे तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर भाचीने फोनवर ॲप घालून दिले आणि चूक दिसली तर कुठे नोंदवायची तेही शिकवले. तिथे माझ्यासारखी बरीच रिकामी म्हातारी माणसे भेटली. दोघी-तिघी निवृत्त शिक्षिका, एक वकील, एक कीर्तनकार बुवा. प्रत कोणती धरायची यावरच आधी हमरीतुमरी झाली. काहींना राजवाड्यांची १९०९ची प्रत हवी होती, काहींना वारकऱ्यांच्या नित्यपाठातली. बुवा रुसून गेले, मग आपणहून परत आले. शेवटी स्वामित्वहक्क संपलेली एक जुनी छापील प्रत ठरली. पानांचे स्कॅन एका बाजूला, यंत्राने वाचलेला मजकूर दुसऱ्या बाजूला, आणि ओळीवर बोट ठेवून आम्ही. यंत्र ‘मऱ्हाटी’चे ‘मर्हाटी’ करते, ‘ळ’ची वाट लावते. अनुस्वारांचे तर विचारू नका. कागदावरचा डाग त्याला अनुस्वार वाटतो आणि खरा अनुस्वार डाग. सुमारे ९,००० ओव्या अशा तपासल्या गेल्या. आपल्या लेखात याबद्दल एक ओळ आहे: ‘त्यानंतर मजकूर अपलोड करण्यात आला.’

आता मूळ प्रकार. आमच्यातल्या एका उत्साही तरुणाने एका संध्याकाळी छोटासा प्रोग्रॅम लिहिला आणि शब्दांच्या शेवटचे अनुस्वार अठराही अध्यायांतून झाडून काढले. बदलासोबत टीप होती, ‘शुद्धलेखन सुधारले.’ दुसऱ्याने ‘फक्त टिंबांचा बदल आहे’ म्हणून न बघताच तो मुख्य मजकुरात मिसळला. सकाळी फोन उघडला तर ‘ज्ञानदेवें’चे ‘ज्ञानदेवे’ झालेले. मी जाब विचारला. उत्तर आले, “काका, उच्चार होत नाही तो अनुस्वार द्यायचा नाही, शाळेत आम्हाला हेच शिकवलंय. १९६२चे नियम बघा ना.”

मला १९६२चे नियम बघायला सांगतो! मराठी साहित्य महामंडळाचे ते शुद्धलेखनाचे चौदा नियम शासनाने स्वीकारले, १९७२ मध्ये चारांची भर पडली, आणि पुढची सगळी वर्षे मी त्याच अठरा नियमांवर पोट भरले. त्याच नियमांत लिहिले आहे की केशवसुतांपूर्वीचे पद्य छापताना ते मुळाप्रमाणे छापावे. हे वाक्य मी त्याला शब्दशः लिहून पाठवले. शिवाय ती टिंबे शोभेची नाहीत. ‘देवें’ म्हणजे देवाने, ‘घरीं’ म्हणजे घरात. विभक्तीच त्या टिंबात आहे. ‘विश्वात्मके देवे’ याचा अर्थ मला आपल्या उपसंपादकांनी लावून दाखवावा.

पैठणला नाथांनी शके १५०६ म्हणजे १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती पाठांतरांनी झालेला घोळ निस्तरण्यासाठीच. आणि पुढच्यांना तंबी देऊन ठेवली: ‘ज्ञानेश्वरी पाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥’ यात पदरची ओवी घालू नका एवढेच त्यांनी बजावले. टिंबे काढू नका, हे सांगायचे राहिले. असे कुणी करील हे बिचाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसणार.

खरे सांगायचे तर या उघड्या पद्धतीचा एक गुण तेव्हाच कळला. कुणी, कधी, कोणते अक्षर बदलले याची नोंद तिथे राहते आणि मागची प्रत जशीच्या तशी शाबूत असते. नागपूरच्या एका मुलीने तो बदल उलटवला आणि दुसऱ्या दिवशी सगळे अनुस्वार जागेवर आले. छापील पोथीत हा घोटाळा झाला असता तर पुढची आवृत्ती निघेपर्यंत लोकांनी तसाच पाठ केला असता. त्या तरुणानेही मनावर घेतले. आता ‘देवे’ टाइप केले तरी शोधात ‘देवें’ सापडते, अशी सोय त्यानेच करून दिली. मुलगा हुशार आहे.

मग तुमच्या चौकटीत टिंबांविना पसायदान आले कुठून? लेखाखाली छापलेला क्यूआर कोड मी फोनवर धरून पाहिला. आमचे ॲप उघडलेच नाही! उघडली ती त्याची नक्कल. नाव दुसरे, रंग भगवा, आणि अध्याय उलटला की रमीची जाहिरात. कुणा महाभागाने नेमका त्या एका दिवसाचा मजकूर उचलून ही नक्कल बाजारात सोडली आहे. उचलायला आमची ना नाही. आमचे ॲप ज्या जीपीएल नावाच्या खुल्या परवान्याखाली आहे, त्यात कुणीही कोड घ्यावा, बदलावा, त्यावर पैसेही कमवावेत. अट इतकीच की मूळ कर्त्यांची नावे ठेवायची आणि आपण केलेल्या बदलांचा कोड, ॲप ज्याला दिले त्याला त्याच परवान्याखाली खुला करायचा. इथे नावे पुसली आहेत आणि कोडचा पत्ता नाही. मुलाखत आमच्या मुलांची, क्यूआर कोड रमीवाल्यांचा! पान छापायला जाण्यापूर्वी कुणी एकदा तरी तो स्कॅन करून पाहायला नको?

‘मूळ ओव्याच आहेत, अर्थ नाही’ असा नाराजीचा सूर लेखाच्या शेवटी आहे. अर्थ कुणाचा घालायचा? ज्ञानोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण सार्थ ज्ञानेश्वरीतले गद्य त्या त्या अभ्यासकाचे असते. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क राहतो. सोनोपंत दांडेकर १९६८ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनासाठी २०२८ संपेपर्यंत थांबावे लागेल. नवा अर्थ लिहून काढायचे काम सुरू आहे. तेराव्या अध्यायाशी अडले आहे. आपल्या वाचकांपैकी कुणाला सवड आणि अभ्यास असेल तर जरूर यावे.

आणखी एक. लेखाचा मथळा आहे ‘तीन इंजिनिअरांची कमाल’. अठराव्या अध्यायाची शेवटची ओवी पाहा: ‘शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें । सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥’ जो नुसता लिहून घेत होता त्याचे नाव पोथीत आहे. आपल्या पुरवणीत आम्हाला ‘आदी’मध्येसुद्धा जागा नाही. माझे नाव नकोच. त्या शिक्षिकांपैकी एकीने डोळ्यांचे ऑपरेशन झालेले असताना संपूर्ण अठरावा अध्याय तपासला, तो सगळ्यांत मोठा आहे. फोटो काढायला त्यांच्याकडे कुणी गेले नाही.

चौकट दुरुस्त करून, तेवढ्याच आकारात, तेवढ्याच ठळकपणे पुन्हा छापावी आणि खाली बरोबर क्यूआर कोड द्यावा, ही विनंती. ‘चुकीची दुरुस्ती’ म्हणून आतल्या पानावर निविदांच्या खाली टाकू नये.

जाता जाता, शनिवारच्या शब्दकोड्याचे उत्तर हल्ली सोमवारी छापले जात नाही. कधी मंगळवारी येते, कधी येतच नाही. मागे फोन केला तेव्हा “वेबसाइटवर बघा” असे सांगण्यात आले. तिथे आधी लॉगिन करा म्हणतात.

कळावे,
एक निवृत्त मुद्रितशोधक, सातारा