फोनची साखळी खाडीवर तुटते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टॉवर बंद पडले तरी फोननेच फोनला निरोप द्यावा आणि तो साखळीने पुढे जावा, अशी कल्पना मांडणारा लेख आपल्या अंकात वाचला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मोबाइल मुके झाले. तो दिवस काढलेल्या कुणालाही ही कल्पना पटेल. मात्र मुंबईत गर्दीच इतकी आहे की साखळी तुटणार नाही, हे लेखकाचे गृहीत मला मान्य नाही.

गणितज्ञ अर्डॉश आणि रेनी यांचा १९५९ चा यादृच्छिक आलेख (बिंदू म्हणजे फोन, आणि त्यांना योगायोगाने जोडणारे दुवे) इथे लावता येत नाही. त्यात कोणतेही दोन बिंदू सारख्याच शक्यतेने जोडले जातात. कुलाब्यातला फोन शेजारच्याला जितक्या सहज गाठेल तितक्याच सहज बोरिवलीतल्याला! बेल लॅब्जच्या एडगर गिल्बर्ट यांनी १९६१ साली बिंदू प्रतलावर विखरून ठरावीक अंतरातलेच जोडले. रेडिओला शोभणारा आलेख हा. यात माझ्या टप्प्यातले दोन फोन एकमेकांच्याही टप्प्यात असण्याची शक्यता सुमारे ५९ टक्के निघते, म्हणजे बरेचसे दुवे आपल्याच घोळक्यात खर्ची पडतात.

फोनला सरासरी साडेचार शेजारी (म्हणजे टप्प्यातले फोन) मिळाले की एकमेकांना जोडलेल्या फोनांचा एक मोठा पुंजका तयार होतो. लेख तिथेच थांबला. एकही फोन बाहेर राहू नये असे वाटत असेल, तर शेजारी फोनसंख्येच्या नैसर्गिक लॉगॅरिदमप्रमाणे वाढवावे लागतात, असे गुप्ता आणि कुमार यांनी १९९८ साली दाखवले. दहा लाख फोनांसाठी हा आकडा साधारण चौदा.

तेही माणसे सगळीकडे सारखी पसरलेली असतील तर. लोकल अडकल्या की माणसे असतात फलाटांवर आणि रुळांच्या कडेने, जवळजवळ एका रेषेत. रेषेत वळसा घालायला जागा नसते. एक फट पडली की पुढचे सगळे तुटले. आणि रेषा पुरेशी लांब असली की फट पडतेच. भाईंदर-नायगावमधला खाडीपूल घ्या. अशा दिवशी तिथे कोण उभे राहणार? (पुलावरच गाडी अडकली तर गोष्ट वेगळी, पण त्या भरवशावर नियोजन कसे करायचे?) भाईंदरच्या फलाटावर आणखी हजार माणसे आली तरी नायगावला निरोप पोचत नाही.

तेव्हा खाड्यांच्या दोन्ही काठांवर, पाण्यापासून उंच, बॅटरीवर चालणारी आणि निरोप पुढे ढकलणारी यंत्रे बसवावीत. भाईंदरचा पूल मुंबई महापालिकेच्या हद्दीत येत नाही. तिथे हे काम रेल्वेनेच अंगावर घ्यावे.

— एक निवृत्त गणित शिक्षक, दहिसर