फॉल रिव्हरच्या काकांना, मनापासून

आदरणीय काका,
सा. न.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "अगं, मला तसंही तिकडेच जायचं होतं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

आम्ही अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हरला आलो तेव्हा ह्यांची शनिवार-रविवारी ड्युटी, मला गाडी चालवता येत नव्हती आणि लेकाला फुटबॉलशिवाय काही सुचत नव्हतं. मैदानं गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. तुमची-आमची ओळख गणपतीच्या आरतीला झालेली, तेवढीच. तरी पुढच्या शनिवारी सकाळी तुमची गाडी दारात! पुढे दोन मोसम एकही शनिवार चुकला नाही.

एकदा वाटेत गाडी बाजूला घेऊन तुम्ही लेकाला विचारलंत, "नदी बघायची?" तो इकडेतिकडे बघत राहिला. समोर नुसता रस्ता. "आपल्या खालीच आहे," तुम्ही म्हणालात. क्वेकेचान, म्हणजे इथल्या मूळच्या वाम्पानोआग लोकांच्या भाषेत कोसळणारं पाणी. शेवटच्या अर्ध्या मैलात ती सुमारे १३० फूट खाली उतरते. त्या उतारावरच गिरण्या उभ्या राहिल्या, आणि १९६०च्या दशकात महामार्ग करताना तिचा बराचसा प्रवाह जमिनीखाली गेला. त्या दिवशी लेक गाडीतून उतरला आणि डांबरावर तळहात टेकवून बसला.

मग दर शनिवारी एकेक गोष्ट. गिरणीत कामाला आलेल्या इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या माणसांनी इथे फुटबॉल रुजवला. इथल्या रोव्हर्स क्लबने १९१७ला नॅशनल चॅलेंज कप, म्हणजे अमेरिकेचा राष्ट्रीय फुटबॉल कप जिंकला, पुढे इथल्याच मार्क्समेन क्लबने तोच कप चार वेळा आणला. मॅसॅच्युसेट्समध्ये रविवारी सामने खेळवता येईनात, म्हणून मार्क्समेनच्या मालकाने हद्दीपलीकडे, ऱ्होड आयलंडमधल्या टिव्हर्टनला स्टेडियम बांधलं! वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक १९३०ला याच गावच्या बर्ट पटेनॉडने केली, पण फिफाने ती मान्य केली २००६ला. हे ऐकून लेक अक्षरशः चिडला होता. आणि १९५०ला इंग्लंडला १-० हरवणाऱ्या अमेरिकेच्या संघातले दोन सूझा, एड आणि जॉन, इथलेच. आडनाव एक, नातं काही नाही. आता गोल मारला की लेक "पटेनॉड!" म्हणून ओरडतो, आणि त्याच्या टीममधली पोर्तुगीज पोरं "सूझा!"

पण माझ्यासाठी तुम्ही काय केलंत ते तुम्हाला माहीतच नसेल. एका जुन्या ग्रॅनाइटच्या गिरणीसमोर उभे असताना मी सहज म्हटलं, आजोबा लालबागला गिरणीत होते. तुम्ही लगेच विचारलंत, "साचेखात्यात की त्रासनमध्ये?" म्हणजे कापड विणायला की सूत कातायला. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आजोबा साचेवाले. १९८२च्या संपानंतर ते परत कामावर गेलेच नाहीत, आणि घरातही तो विषय कुणी काढायचं नाही. तुम्ही टेक्स्टाइलवाले, सगळं विचारत गेलात. पाळ्या, भोंगा, कानात बसलेला आवाज. त्या रात्री मी आईला फोन करून तासभर आजोबांबद्दल बोलले. त्या दिवसापासून हे गाव मला परकं वाटत नाही.

काका, गेल्या महिन्यात मला लायसन्स मिळालं. येत्या शनिवारी साडेनऊला मॅच आहे. साडेआठला मी तुमच्या दारात गाडी घेऊन येतेय. चहाचा थर्मास तेवढा तुम्ही घ्या.

तुमची,
लालबागची पोर