झाडांवरील दगडफूल खरवडू नका

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की शहरातील अनेक सोसायट्यांमध्ये आणि रस्त्यांच्या कडेला झाडांच्या खोडांना गेरू-चुन्याचे पट्टे ओढण्याचे काम सुरू होते. त्याच सुमारास खोडांवरील राखाडी-हिरवट पापुद्रे बुरशी समजून तारेच्या ब्रशने खरवडले जातात आणि एखादा उत्साही माळी त्यावर मोरचुदाचे बोर्डो मिश्रणही फासून जातो. हेतू झाडाचे भले करण्याचाच असतो, याविषयी शंका नाही. परंतु जे खरवडले जाते ते बहुतेक वेळा रोग नसून शैवाक (लायकेन) असते, आणि त्यातील पानांसारखे पसरणारे प्रकार एकदा गेले की पुन्हा तेवढे वाढायला दोन-दोन दशके लागू शकतात. हे काम हाती घेणाऱ्यांनी थोडे थांबून विचार करावा, एवढ्यासाठी हे पत्र.

गोड्या मसाल्यातले दगडफूल आपल्या प्रत्येकाच्या घरात असते. ते याच कुळातले. बाजारात येणारा बराचसा माल हिमालयाच्या उतारांवरील जंगलांतून गोळा केलेला असतो. त्याची शेती होत नाही. दगडफूल म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणात पार्मोट्रेमा या प्रजातीची शैवाके हमखास असतात आणि त्याच प्रजातीतील काही जाती सह्याद्रीतही, आंब्याच्या व जांभळाच्या खोडांवर आणि उघड्या कातळांवर, तळहाताएवढ्या रुंद झालेल्या दिसतात. वरची बाजू फिकट राखाडी, खालची काळी, कडा लाटेसारख्या उचललेल्या, अशी त्यांची ठेवण असते. ही एक वनस्पती नव्हे. कवकाच्या, म्हणजे बुरशीच्या, जाळीत हिरव्या शैवलाच्या सूक्ष्म पेशी सांभाळलेल्या असतात. शैवल उन्हात अन्न तयार करते आणि कवक त्याला निवारा व ओलावा देते. शैवाक म्हणजे असे दोन जिवांचे एकत्र घर आहे, हे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमॉन श्वेंडेनर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मांडले, तेव्हा अनेक नामवंतांनी ते मानायला साफ नकार दिला होता.

झाडाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की या शैवाकांना मुळे नसतात. खालच्या बाजूने निघणारे काळे तंतू सालीच्या बाहेरच्या, मृत थराला नुसते धरून ठेवतात. ते झाडाचा रस शोषत नाहीत. पाणी आणि क्षार त्यांना पावसातून, दवातून आणि हवेतल्या धुळीतून मिळतात. वठत चाललेल्या झाडावर शैवाके जास्त दिसतात म्हणून त्यांनीच झाड वाळवले, असा समज पसरला असावा. प्रत्यक्षात पालवी विरळ झाल्यामुळे खोडापर्यंत ऊन पोहोचते आणि शैवाकांना वाढायला वाव मिळतो. म्हणजे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झालेली असते. फळबागेत डिंक्या रोगासाठी बोर्डो पेस्ट लावण्याला अर्थ आहे, पण रस्त्याकडेच्या निरोगी वर्षावृक्षाला किंवा चिंचेला तिचा काय उपयोग, हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही. मोरचुदातले तांबे मात्र शैवाकांना नक्की मारक ठरते.

त्यांच्या गरजांपैकी पाण्याची गरज सर्वांत नाजूक आहे आणि उष्ण कटिबंधात ती अधिकच अवघड होते. शैवाकाला पाणी साठवून ठेवता येत नाही. भोवतालची हवा कोरडी झाली की तेही कोरडे होते, त्याचे सर्व व्यवहार थांबतात आणि त्या निद्रावस्थेत ते पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांतील ऊन मुकाट्याने सोसते. हिरवे शैवल असलेली शैवाके नुसत्या दमट हवेनेही पुन्हा कामाला लागतात; शैवलाच्या जागी नीलहरित जिवाणू असलेल्यांना मात्र प्रत्यक्ष पाणीच लागते. यावरून जितका पाऊस अधिक तितकी वाढ अधिक असे कोणी म्हणेल, तर तसे नाही. कायक, म्हणजे शैवाकाचे शरीर, पाण्याने गच्च भरला की कार्बन डायऑक्साइड आतपर्यंत पोहोचत नाही आणि अन्ननिर्मिती मंदावते. त्याहून घातक असते ती उबदार ओली रात्र. अंधारात अन्न तयार होत नाही, पण श्वसन सुरूच राहते आणि तापमान जितके जास्त तितके ते वेगाने होते. पनामातील सखल वर्षावनात झालेल्या मोजमापांत, दिवसा मिळवलेल्या कर्बाचा मोठा वाटा रात्रीच्या श्वसनातच खर्ची पडतो, असे आढळले. उष्ण सखल प्रदेशांत खपलीसारखी चिकटलेली शैवाके अधिक आणि मोठी पानांसारखी शैवाके डोंगरांवर अधिक, या विभागणीचे एक प्रमुख कारण हेच मानले जाते. सकाळी दव किंवा धुके, मग दोन-तीन तास कोवळे ऊन, दुपारी पुन्हा कोरडे आणि रात्र गार, असा दिनक्रम त्यांना मानवतो.

आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. येथून सिंहगडावर, म्हणजे सुमारे १,३०० मीटर उंचीवर गेले किंवा महाबळेश्वरच्या जंगलात शिरले की पानांसारखी शैवाके आकाराने आणि संख्येने वाढलेली साध्या डोळ्यांनाही जाणवतात. पुण्यात ती तगतात ती मुख्यतः जुन्या, खडबडीत सालीच्या झाडांवर, जिथे भेगांमध्ये ओलावा थोडा अधिक काळ टिकतो. पेरू आणि नीलगिरी यांसारखी साल टाकणारी झाडे त्यांना निरुपयोगी असतात.

वाढीचा वेग तर इतका कमी असतो की तो माणसाच्या धीराची परीक्षा पाहतो. पानांसारखे शैवाक कडेकडेने वाढते आणि साधारणपणे वर्षाला काही मिलिमीटरच पसरते. प्रत्येक बाजूला वर्षाला दोन-तीन मिलिमीटर धरले, तरी नऊ-दहा सेंटीमीटर व्यासाचे शैवाक पंधरा ते पंचवीस वर्षांचे असते. नव्या खोडावर त्याची सुरुवात व्हायची तर कवक आणि शैवल दोन्ही असलेला भुकटीसारखा कण किंवा तुटलेला तुकडा वाऱ्यापावसाबरोबर तिथे जाऊन पडावा लागतो. महाराष्ट्रातील वृक्षसंरक्षणाच्या १९७५ च्या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटले आणि ते तोडल्यास त्याच्या वयाइतकी झाडे लावण्याची अट घातली. ही तरतूद स्वागतार्हच आहे. तरीही साठ वर्षांच्या आंब्याच्या बदल्यात लावलेल्या साठ रोपांच्या गुळगुळीत सालीवर त्या आंब्यावरचे शैवाक येत नाही, आणि जवळपास जुने झाडच उरले नसेल तर ते येणार तरी कुठून?

हवेबद्दल बरेच लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. फिनलंडचे विल्यम न्यूलांडर यांनी १८६६ मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतील शैवाके पाहून हवेच्या शुद्धतेशी त्यांचा संबंध जोडला. सल्फर डायऑक्साइड हा त्यांचा जुना शत्रू आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ इंधनातील गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत १० भाग झाल्याने वाहनांपुरता तो दाब कमी झाला. मात्र वाहनांतून निघणारी नत्रसंयुगे आणि बांधकामांची सिमेंटची धूळ कायम आहे. ही धूळ अल्कधर्मी असल्याने सालीची आम्लता घटते आणि पार्मोट्रेमासारखी शैवाके मागे पडून पिक्सिन व फिस्किया यांसारखी लहान, सोशीक शैवाके पुढे येतात. चुन्याचा पट्टा हेच काम एका दिवसात करतो. जाता जाता एक सूचना: शैवाके हवेतील शिसे व इतर धातू साठवून ठेवतात, तेव्हा रहदारीच्या रस्त्यावरील झाडावरून दगडफूल काढून मसाल्यात घालण्याचा मोह कोणी धरू नये.

महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाला आणि सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती अशी आहे. वळणावरील झाड रात्री दिसावे म्हणून खूण हवीच असेल, तर खिळे न ठोकता पट्ट्याने बांधलेली परावर्तक पट्टी पुरेशी असते; गेरू-चुना निदान जुन्या वृक्षांना तरी लावू नये. छाटणीचे व खोडसफाईचे काम देताना ठेकेदाराच्या अटींमध्ये साल खरवडण्यास मनाई असावी. वृक्षगणनेच्या नोंदीत खोडावर पानांसारखे शैवाक आहे की नाही, एवढा एकच रकाना वाढवला तरी शहराच्या कोणत्या भागात ती टिकली आहेत याचे चित्र हाती येईल. त्यासाठी जाणकार बाहेरून आणण्याची गरज नाही. १९४६ मध्ये महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या नावाने सुरू झालेल्या आघारकर संशोधन संस्थेत शैवाकांचा अभ्यास कित्येक दशके झाला आहे. २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झालेल्या गणेशखिंड उद्यानातील जुन्या आमराईपासून या नोंदीला सुरुवात करता येईल, आणि ती यंदाचा पाऊस सरल्यावर, खोडे पुरती वाळण्यापूर्वी केली तर ओळख पटवणे सोपे जाईल.

आपला,
एक वाचक, एरंडवणे, पुणे