आवाहन : आपल्या गावचे वीरगळ पुन्हा उभे करू या

समस्त ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि नोकरीधंद्यानिमित्त बाहेरगावी असलेली मंडळी, सप्रेम नमस्कार.

महादेवाच्या देवळामागे, ओढ्याकडे उतरणाऱ्या वाटेवर जे कोरीव दगड आडवे-तिडवे पडलेले आहेत, ते वीरगळ आहेत, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीचे दगड. आपण त्यांना विराचे दगड म्हणतो. लग्नकार्य निघालं की तिथं नारळ फोडतो आणि उरलेलं वर्षभर त्यांना शेळ्या बांधतो.

चिंचेखालचा दगड जरा बसून बघा. तो खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत वीर आडवा पडलाय आणि त्याच्या अंगावरून गाईंची रांग चालली आहे, म्हणजे गावची गुरं सोडवताना तो पडला. त्याच्या वर लढाई कोरली आहे, ढाल-तलवार घेतलेली माणसं. त्यावर अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून नेताहेत. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य : ते आहेत तोवर याची कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ. नाव कुठंच नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर ते नसतं. शेजारच्या लहान दगडावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात आहे, ती सतीशिळा.

शिलाहार-यादव राजांच्या काळात असे दगड गावोगाव उभे राहिले. बोरिवलीजवळ एकसरला तर वीरगळांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे. आपल्याकडे समुद्र नाही, म्हणून गाई आहेत, एवढाच फरक.

आता अडचण. वाट रुंद करताना दोन दगड जेसीबीनं कडेला लोटले गेले, त्यातल्या एकाची कड उडाली. एकावर कुणीतरी भक्तिभावानं ऑइलपेंट दिला आहे. हेतू चांगला होता, पण रंगाखाली दगडात ओल कोंडते आणि पुढं कोरीवकामाचे पापुद्रे सुटू लागतात. रंग काढायला ॲसिड किंवा पॉलिश मशीन वापरलं तर उरलेले नाकडोळेही जातील. ते जाणकाराचंच काम आहे आणि खर्चाचा मोठा भाग तिथंच आहे.

दगड गावातच राहावेत, असं ग्रामसभेत ठरलं. संग्रहालयात ते जास्त सुरक्षित राहतील असं काहींचं म्हणणं होतं, तेही चुकीचं नाही. पण ज्या ओढ्याकाठी तो माणूस पडला असेल, तिथून त्याला उचलायला आमचं मन होत नाही. शंभर वर्षांहून जुनं कोरीव शिल्प १९७२ च्या केंद्रीय कायद्यानं पुरावस्तू ठरतं, म्हणून पुरातत्त्व विभागाला लेखी कळवलं आहे. त्यांची माणसं पाहून गेल्याशिवाय एकही दगड हलणार नाही. नंतर देवळामागंच घडीव दगडाचा बुटका चौथरा बांधून, वाळू आणि चुन्यात ते उभे करायचे. सिमेंट अजिबात नको, त्यातले क्षार दगडात चढतात.

त्यासाठी पैसे हवेत, घडीव दगड हवेत, चुना हवा. जुन्या वाड्यांचे घडीव दगड ज्यांच्या परड्यात पडून असतील त्यांनी द्यावेत. अंदाजपत्रक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलं आहे, देणगीची पावती तिथंच मिळेल. स्टीलची जाळी, रंगीत फरशी आणि रोषणाई यांसाठी कृपया कुणी देणगी देऊ नये. देणगीदारांची नावं फलकावर लागतील, चौथऱ्यावर कोरली जाणार नाहीत. त्या वीराचं नाव नाही, तिथं आपलं कशाला.

आणखी एक. कुणाच्या बांधावर, गोठ्याच्या पायरीत किंवा विहिरीच्या कठड्यात असा दगड असेल तर सांगा. तो कुणी उचलून नेणार नाही, फोटो आणि मापं घेऊन नोंद करायची आहे. खास करून गाढव कोरलेला दगड. तो अपशकुनी म्हणून लोक पुरून टाकतात. खरं तर तो गधेगळ, दान दिलेली जमीन बळकावणाऱ्याला घातलेली शिवी. अलिबागजवळच्या आक्षीचा गधेगळ तर मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांत मोजला जातो. तेव्हा पुरलेला असला तरी लाजू नका.

पावसाळ्याआधी झाडझाडोरा काढायचं श्रमदान दर रविवारी सकाळी सात वाजता, देवळापाशी. येताना कोयता, खोरं, घमेलं आणावं. तारेचा ब्रश घरीच ठेवावा.

आपले विनीत,
ग्रामपंचायत व वीरगळ जतन समिती