सोळा किलोंची यादी

पुणे,
रविवार, रात्री

प्रिय सुध्या,

आपल्या कोकणातल्या सायकलसफरीच्या सामानाची तुझी यादी मिळाली. आधी वाटलं, घर बदलायची यादी चुकून मला पाठवलीस. तंबू, स्लीपिंग बॅग, दोन जीन्स, संध्याकाळचे वेगळे बूट, पान्यांचा अख्खा संच, आणि खाली बेरीज १६ किलो!

तू हिशेबी माणूस, नुसतं ‘हलकं बरं असतं’ म्हणून ऐकणार नाहीस. तर आकडे घे. तू ७६ किलोचा, सायकल १४ ची, सामान १६. झाले १०६. सामान ७ वर आणलंस तर ९७. म्हणजे जो चढ वीस मिनिटांत चढला असतास, तो तेवढ्याच दमात पावणेदोन मिनिटं आधी संपेल. सपाटीवर तर फरक जाणवणारही नाही. एवढ्यासाठी कशाला आटापिटा, असं म्हणशील, आणि चढापुरतं ते खरंच आहे. टूथब्रशचा दांडा कापून ग्रॅम वाचवणारे लोक असतात, त्यांच्या नादी लागू नकोस.

गोची होते ती दुसरीकडे. आपला दिवेआगर ते रत्नागिरी रस्ता डोळ्यापुढे आण. बागमांडल्याला बाणकोटची खाडी, पुढे दाभोळला वाशिष्ठी, मग तवसाळला शास्त्री. दर वेळी रस्ता वरच्या कातळावरून वळणं घेत थेट पाण्यापर्यंत उतरतो, फेरीबोटीतून पलीकडे गेलं की पुन्हा वर. त्या उतारावर, वळणावर बारीक खडी असताना मागे भरगच्च पॅनिअर (चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या बॅगा) असल्या की सायकलचं बूड डोलायला लागतं आणि ब्रेक दाबायची भीती वाटते. खड्ड्यांचा मार सगळा मागच्या चाकावर बसतो. स्पोक तुटला तर बहुधा गिअरच्या बाजूचाच तुटतो, आणि तो बदलायचा तर आधी कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, काढावी लागते. ते हत्यार वाटेत कुणाकडे मिळणार? शिवाय जेटीचा उतार ओला, शेवाळलेला असतो, मागून मोटारसायकली आणि गाड्या आत घुसायच्या घाईत असतात. तिथे ३० किलोंचं धूड हातांनी सांभाळून बघ. रात्रीची खोली वरच्या मजल्यावर मिळाली की तेच धूड जिन्यानं वर न्यायचं.

म्हणून माझी पद्धत उलटी आहे. आधी बॅगा ठरवायच्या, सामान नंतर. सीटमागे एक १२-१४ लिटरची, सायकलच्या सांगाड्याच्या त्रिकोणात एक, हँडलला एक छोटी, बस्स. मोठी बॅग घेतलीस तर ती भरणारच. रिकामी जागा आपल्याच्यानं बघवत नाही. जड वस्तू, म्हणजे हत्यारं, ट्यूब, पॉवर बँक, त्रिकोणात तळाशी. कपडे मागे.

तंबू आणि स्लीपिंग बॅग दोन्ही काट. डिसेंबरातल्या कोकणात, गावोगावी घरगुती राहायची सोय असताना, तंबू म्हणजे निव्वळ हौस. (लडाखला जाऊ तेव्हा आण, मीच ओढीन.) जीन्स तर अजिबात नको, भिजली की दमट हवेत दोन दिवस वाळत नाही. सायकलवरचे दोन जोड: एक अंगावर, एक धुतलेला. संध्याकाळी एक पातळ पॅंट नि टी-शर्ट, पायांत रबरी चप्पल. टॉवेलऐवजी पंचा घे. ओले कपडे पंच्यात गुंडाळून जोरात पिळलेस की निम्मं पाणी तिथेच निघतं; रात्रभर पंख्याखाली टाकायचे, सकाळी अंगात घालता येतात. न वाळलेले सीटमागच्या बॅगेवर बांधून निघायचं, कोण बघतंय? फक्त पॅडवाली चड्डी पूर्ण वाळल्याशिवाय घालू नकोस आणि तिच्या आत दुसरी चड्डी घालू नकोस. काचलं की पुढचे सगळे दिवस फुकट.

आता हत्यारांत मात्र मी चिकटपणा करणार नाही. तुझा पान्यांचा संच ठेव घरी, पण हे घेच: मल्टिटूल (एकातच सगळे छोटे पाने), पंप, दोन ट्यूब, पंक्चरच्या पट्ट्या नि ताजं सोल्यूशन (सोल्यूशनची एकदा उघडलेली नळी आतून वाळून बसते, तपास), टायर लिव्हर (टायर उचकटायच्या पट्ट्या), चेनची एक क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), थोड्या झिप टाय, आणि जुन्या टायरचा बोटभर तुकडा. टायरच चिरला तर हा तुकडा आतून लावून गावापर्यंत जाता येतं. आपल्या ७०० मापाच्या ट्यूब वाटेतल्या दुकानात मिळतील या भरवशावर राहायचं नाही. तिथे साध्या सायकलच्या असतात. तुझे व्हॉल्व्ह प्रेस्टा, म्हणजे बारीक तोंडाचे, आहेत, म्हणून पितळी अडॅप्टर घे. काही ग्रॅमच्या त्या तुकड्यानं कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. आणि मागच्या गिअरचा हॅंगर, म्हणजे गिअर सायकलला धरून ठेवणारा छोटा तुकडा! सायकल उजव्या अंगावर पडली की तोच वाकतो किंवा मोडतो, आणि प्रत्येक मॉडेलचा निराळा असतो. तुझ्या मॉडेलचा पुण्यातच बघून घे. या सगळ्यातली निम्मी हत्यारं माझ्याकडे आहेत. पंप आणि मल्टिटूल दोघांत एकच पुरेल. ट्यूब नि हॅंगर ज्याचे त्यानं.

पाणी हे विसरलं जाणारं वजन. लिटरला किलो! तुझ्या यादीत चार बाटल्या आहेत. दोन पुरेत, त्यातही खाडीजवळ उतरताना अर्ध्याच ठेव आणि चढ लागायच्या आधी भर. ओआरएसची पाकिटं चालतील, चिक्की चालेल. जेवणाची चिंता करू नकोस, गुहागरात मासे खाऊन तू दुपारी सायकल चालवायला तयार होशील का, ही माझी चिंता आहे.

औषधं दोन दिवसांच्या गोळ्यांइतकीच. पॉवर बँक १०,००० एमएएचची पुरते, रात्री चार्ज होतेच. कुलूप पातळ, तेही दोघांत एक. पुस्तक न्यायचं असेल तर एक, पण तेही पातळ. यावर वाद नको.

शुक्रवारी रात्री सगळं सामान घेऊन माझ्याकडे ये, सायकलही आण. जमिनीवर पसरू, वजन करू, बॅगा लावून पर्वतीच्या बाजूनं एक चक्कर मारू. बॅग टायरला घासते का, पाय लागतो का, हे इथेच कळलेलं बरं. सफरीहून परत येताना सायकली रेल्वेनं आणायच्या, त्या पार्सलाचं काय ते मी स्टेशनवर विचारून ठेवतो.

तुझा,
विन्या

ता. क. वहिनींचे डिंकाचे लाडू यादीत दिसले नाहीत. ते आण. वजनाचं मी बघतो.