स्क्रीन आमच्याकडे वळवल्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सविनय नमस्कार.

मधुमेहाने अधू झालेल्या आईच्या डोळ्यात तिसरे इंजेक्शन देऊन झाले, त्याला आज आठवडा झाला. समोरच्याचा चेहरा तिला पुसट का होईना, पण पूर्ण दिसू लागला आहे आणि त्यासाठी तुमचे आभार मानावेत तेवढे थोडेच आहेत. तरीही हे पत्र मी लिहीत आहे ते पहिल्या दिवशी तुम्ही स्क्रीन आमच्याकडे वळवलीत, त्यासाठी.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही जिथे गेलो होतो, तिथे फाइलमधून मान वर न काढता आईला एवढेच ऐकवण्यात आले की, साखर सांभाळली नाहीत, आता भोगा. त्या एका वाक्याने ती इतकी खचली की पुढे दोन महिने तिने तपासणीचे नावही काढू दिले नाही. ते दोन महिने आठवले की अजूनही माझा संताप होतो.

तुम्ही मात्र स्टूल ओढून तिच्यासमोर बसलात. शिरेत रंगद्रव्य टोचून काढलेल्या, डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या स्क्रीनवरच्या फोटोत पांढऱ्या रेषांचे जाळे होते, मध्येच काळे डाग होते आणि त्यांच्या कडेला कापसासारखे पांढरे काहीतरी पसरलेले होते. तुम्ही आईचे बोट धरून एका काळ्या डागावर ठेवलेत आणि म्हणालात, "मावशी, पडद्याचा हा भाग उपाशी आहे. इथल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडल्यात, म्हणून तो प्राणवायूसाठी हाका मारतोय."

ही हाक म्हणजे नेमके काय, ते नंतर मी मिळेल तिथून वाचून काढले. पेशींमध्ये एचआयएफ नावाचे प्रथिन सतत तयार होत असते आणि प्राणवायू पुरेसा असला की काही मिनिटांत मोडलेही जाते. प्राणवायू कमी पडला की ते टिकून राहते, पेशीकेंद्रकात शिरते आणि व्हीईजीएफ हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकाला जागे करते. हे व्हीईजीएफ पाझरत शेजारच्या रक्तवाहिनीपर्यंत पोचले की तिच्या अस्तरातली एखादी पेशी पुढे सरसावते, बारीक तंतू पसरून हाकेची दिशा चाचपते आणि मागच्या पेशी विभागत विभागत नवी नळी घडवत जातात. जखम भरताना हीच हाक आपल्याला वाचवते. आईच्या डोळ्यात भूक संपलीच नाही, म्हणून हाकही थांबली नाही, आणि घाईने उगवलेल्या त्या कच्च्या वाहिन्या गळू लागल्या. कापसासारखे दिसत होते ते तेच. उपाशी पडदा असा काही पदार्थ सोडत असावा, हे नेत्रतज्ज्ञ मायकेलसन यांनी 1948 मध्येच सुचवले होते. मधुमेही रुग्णांच्या डोळ्यातल्या द्रवात व्हीईजीएफ वाढलेले असल्याचे 1994 मध्ये दाखवले गेले, आणि पेशींना प्राणवायूची कमतरता कशी कळते, या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेंझा या शास्त्रज्ञांना 2019 चे नोबेल मिळाले.

इंजेक्शन व्हीईजीएफला डोळ्यातच पकडून ठेवते, पण मूळची भूक भागवत नाही, म्हणून ते पुन्हा घ्यावे लागू शकते, हेही तुम्ही आमच्यापासून लपवले नाहीत. डोळ्याची ही माहिती आधीच्या ठिकाणीही असणारच. तिथे कमी पडली ती दोन मिनिटांची सवड आणि आजारी माणसाला आरोपी न समजण्याची साधी माणुसकी. ती कोणत्याही पदवीबरोबर मिळत नाही, आणि जिच्याकडे असते तिला आपण काय दिले, हे बहुधा कळतही नाही. म्हणून हे मुद्दाम लिहून कळवत आहे.

परतताना आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे डोळा माझ्यावर रुसला नव्हता गं, मदत मागत होता." त्या रात्री ती खूप दिवसांनी शांत झोपली. पुढच्या तपासणीला त्या काळ्या डागाची हाक थोडी मंदावली आहे का, हे ती स्वतः तुम्हाला विचारणार आहे.

आपली कृतज्ञ,
तुमच्या एका रुग्णाची मुलगी